लिंगाला बाक आलाय, गाठ लागतेय : हा कॅन्सर तर नाही?

वय ५२, मधुमेह जुना, स्वतःचं दुकान. पत्नी सोबत आल्या होत्या, पण त्यांना बाहेरच बसवलेलं. गृहस्थांनी एका दमात सांगितलं : "चार महिने झाले, ताठरता आली की लिंग वर वळतं आणि दुखतं. वरच्या बाजूला वाटाण्याएवढं कडक लागतं. कॅन्सर आहे का? की तरुणपणीच्या हस्तमैथुनाचं फळ?"

दोन्ही नाही. हा पेरोनीचा आजार. फ्रेंच सर्जन ला पेरोनी यांनी १७४३ मध्ये त्याचं वर्णन केलं होतं. लिंगात रक्त भरणाऱ्या भागाभोवती चिवट पण ताणला जाणारा पडदा असतो. संभोगात लिंग दुमडलं की त्याला बारीक इजा होते. पुष्कळदा ती लक्षातही येत नाही. काहींमध्ये ती नीट भरत नाही आणि तिथे कडक चट्टा धरतो. ताठरतेच्या वेळी बाकीचा पडदा ताणतो, चट्टा ताणत नाही, म्हणून ज्या बाजूला चट्टा त्या बाजूला बाक. हा संसर्ग नाही, पत्नीला लागण होत नाही. वयात आल्यापासूनच असलेला, गाठ आणि वेदना नसलेला बाक ही वेगळी गोष्ट.

त्यांच्या तळहातावर अनामिकेच्या मुळाशी एक ताठ दोरा होता, बोट पूर्ण सरळ होत नव्हतं. ही डुप्युट्रेनची विकृती. ती आणि पेरोनी बऱ्याचदा एकाच माणसात सापडतात, त्यामुळे हात पाहणं आम्ही चुकवत नाही. मधुमेहाचाही संबंध असतो.

तोवर जाहिरातीतल्या तेलावर बरेच पैसे गेले होते. चट्टा कातडीत नसून खालच्या पडद्यात असतो, तेल तिथे काही करत नाही. तेल लावून जोर देऊन 'सरळ करणं' तर घातकच, त्यातून नवी इजा होते. व्हिटॅमिन ई आणि टॅमॉक्सिफेन अजूनही लिहून दिली जातात. त्यांनी बाक कमी होतो असा भरवशाचा पुरावा नाही. शॉकवेव्हने, म्हणजे बाहेरून दिलेल्या ध्वनिलहरींच्या झटक्यांनी, वेदना कमी होऊ शकते, बाक नाही.

पहिले सहा ते अठरा महिने आजार हलता असतो : दुखतं, कोन बदलतो. याच काळात माणसं ऑपरेशनची घाई करतात, आणि पुढे बाक पुन्हा वाढतो. वेदना बहुतेकांची आपोआप जाते. बाक मात्र दहातल्या एखाद्याचाच आपोआप कमी होतो. म्हणून त्यांना दोन कामं दिली. महिन्यातून एकदा पूर्ण ताठरतेत वरून आणि बाजूने फोटो, तारखेसह. आणि यूरोलॉजिस्टकडे तपासणी, जिथे इंजेक्शनने ताठरता आणून कोन मोजतात आणि डॉप्लर सोनोग्राफीने रक्तप्रवाह पाहतात. दुखण्यासाठी साध्या वेदनाशामक गोळ्या, त्याही मूत्रपिंडं तपासून. ताठरतेची गोळी हवी असेल तर डॉक्टरांना विचारूनच. छातीदुखीसाठी नायट्रेट घेणाऱ्याला ती चालत नाही.

मग पत्नींना आत बोलावलं. नवऱ्याचं मन उडालंय, असं त्या महिनोन्‌महिने धरून बसल्या होत्या. चट्ट्याचं चित्र काढून दाखवलं तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "मग आम्ही काय टाळायचं?" पत्नी वर असलेली स्थिती, कारण लिंग निसटून जोरात आपटण्याची शक्यता तिथे जास्त. वंगण वापरायचं, दुखलं की थांबायचं. 'कट्' असा आवाज होऊन ताठरता अचानक गेली, सूज आली, काळंनिळं पडलं, तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं.

बाक तीन ते सहा महिने जिथल्या तिथे राहिला की पर्याय उघडतात. तीस अंशांहून जास्त बाकासाठी चट्ट्यात कोलॅजिनेजचं, म्हणजे चट्टा विरघळवणाऱ्या एन्झाइमचं, इंजेक्शन. अमेरिकेत त्याला २०१३ मध्ये मंजुरी मिळाली. बाक सरासरी एक तृतीयांश उतरतो, आणि पडदा फाटण्याचा धोका असल्याने ते जाणत्या हातातच हवं. साठ अंशांपर्यंत, ताठरता चांगली असेल तर विरुद्ध बाजूला टाके घेऊन सरळ करतात. त्यात लांबी थोडी घटते. हे आधी न सांगितल्यामुळेच रुग्ण सर्वांत जास्त नाराज होतात. त्याहून जास्त बाक किंवा मध्येच कंबरेसारखी खाच असेल तर चट्टा कापून तिथे ठिगळ लावतात, पण पुढे ताठरता कमी होऊ शकते. गोळ्यांनीही ताठरता येत नसेल तर इम्प्लांट, म्हणजे ताठरतेसाठी लिंगात बसवलेलं कृत्रिम साधन.

चौदाव्या महिन्यात यांची वेदना गेली होती, कोन ३५ अंशांवर थांबला होता आणि संभोग अडत नव्हता. ऑपरेशन नको, असं दोघांनी मिळून ठरवलं. ताण देणारं उपकरण ते वापरतात, पण रोज लावायचा कंटाळा येतो, अशी तक्रार आहे.