इन्व्हर्टर थांबू द्या, आधी अर्थिंगचा खड्डा उघडा

सिडकोत पंचवीस वर्षं जुनं रो-हाऊस घेतलंय, घरात वयस्कर आई आणि चार वर्षांची मुलगी आहे, वळवाच्या आत मोठा इन्व्हर्टर बसवावा का, असं तुम्ही विचारलंय. माझं ऐकाल तर ते पैसे सध्या बाजूला ठेवा. लाइट गेली तर दोन तास उकडेल. पण अर्थिंग, म्हणजे गळालेली वीज जमिनीत सोडणारी तार, नसलेल्या घरात भिंतीला ओल आली की जिवावर बेततं.

पहिल्यांदा अर्थिंगचा खड्डा शोधा. जुन्या घरात तो बहुधा मीटरच्या आसपास असतो, पण कुंडीखाली नाहीतर नव्या फरशीखाली गडप झालेला असतो. आमच्या घरी इलेक्ट्रिशियनने मेन बंद करून झाकण उचललं, तर आत भेगाळलेली काळी माती, नटबोल्टचा गंजून भुगा, आणि अर्थची तार जरा ओढली तशी हातातच आली. म्हणजे किती वर्षं आमच्या गिझरची, वॉशिंग मशीनची तिसरी पिन नुसती नावाला होती! आपल्याकडची काळी माती उन्हाळ्यात वाळून आकसते आणि खड्ड्यात पुरलेल्या अर्थिंगच्या प्लेटला सोडते. म्हणून एप्रिल-मेमध्ये खड्ड्यात अधूनमधून बादलीभर पाणी ओता. इलेक्ट्रिशियनला अर्थ टेस्टर, म्हणजे अर्थिंगचा रोध मोजायचं यंत्र, आणायला सांगा. रीडिंग 5 ओमच्या आत आलं तर उत्तम. जास्त आलं तर नवीन खड्डा घ्या, तिथे काटकसर करू नका.

मग आरसीसीबी, म्हणजे वीज गळायला लागली की लाइन तोडणारा स्विच. पुष्कळ जण एमसीबी, म्हणजे जास्त लोड आला की पडणारा स्विच, बघून निर्धास्त होतात, पण एमसीबी वायरिंग वाचवायला असतो, माणसाला नाही. 16 अँपिअरचा एमसीबी पडेल इतका करंट अंगातून जाण्याच्या कितीतरी आधी माणूस संपलेला असतो. आरसीसीबी 30 मिलिअँपिअरची गळती झाली तरी पडतो. तुमच्याकडे लहान मूल आहे, त्यामुळे हा 30 चाच घ्या. त्याच्यावर टेस्टचं बटण असतं, ते महिन्यातून एकदा दाबा. दाबून पडला नाही तर तो बदला. पावसाळ्यात वारंवार पडायला लागला तर काही इलेक्ट्रिशियन 'काढून टाकू या' म्हणतात, त्यांना अजिबात काढू देऊ नका. कुठेतरी ओल शिरलीय एवढंच तो सांगत असतो. गच्चीवरचा पॉइंट, गेटची बेल, टाकीच्या मोटरचा स्विच, या क्रमाने शोधा.

वळवाची आणखी एक गोष्ट अनुभवाने सांगतो. आमच्या गल्लीत गुलमोहराची फांदी तारांवर पडून खांबावरचा न्यूट्रल, म्हणजे वीज परत नेणारी तार, तुटला होता. बल्ब एकदम भगभगीत पेटले, फॅन सुसाट सुटला आणि फ्रिजमागून जळका वास आला. मी मेनपर्यंत पोचेतो फ्रिज आणि टीव्ही दोन्ही गेले होते. न्यूट्रल तुटला की वेगवेगळ्या फेजवरची घरं एकमेकांत सिरीजमध्ये अडकतात आणि 230 च्या जागी 400 व्होल्टच्या जवळपासही जाऊ शकतं. एमसीबी किंवा आरसीसीबी इथे उपयोगाला येईलच असं नाही. त्यासाठी व्होल्टेज जास्त झालं की लाइन तोडणारा प्रोटेक्टर मेन बोर्डात बसवतात, तो बसवून घ्या. आकाशातल्या विजेने लाइनमध्ये येणाऱ्या झटक्यासाठी सर्ज प्रोटेक्टर वेगळा असतो आणि चांगल्या अर्थिंगशिवाय तो कुचकामी. तरीही गडगडाट सुरू झाला की टीव्ही, वायफाय, कॉम्प्युटरच्या पिना काढाच, केबलची आणि डिशची वायरसुद्धा. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं 'दामिनी' ॲप मोबाईलमध्ये ठेवा, जवळपास वीज पडण्याची शक्यता असली तर ते आधी सूचना देतं.

आता घराबाहेर एक चक्कर मारा. खांबावरून आलेली सर्व्हिस वायर पत्र्याला किंवा लोखंडी ग्रिलला घासते का, ते नीट बघा. वाऱ्याने घासून घासून तिचं वेष्टण जातं आणि अख्खा पत्रा जिवंत होतो. आणि कृपा करून कपडे वाळवायची लोखंडी तार अशा पत्र्याच्या खांबाला बांधू नका. ओले कपडे टाकायला गेलेल्या बाईला शॉक बसतो आणि सोडवायला धावलेला माणूसही सापडतो. आजच ती तार काढा, नायलॉनची दोरी लावा. सर्व्हिस वायर खराब दिसली, मीटरमध्ये पाणी शिरलं किंवा तार तुटून पडली तर स्वतः हात लावू नका, 1912 वर महावितरणला कळवा.

एवढं झाल्यावर पैसे उरले तर इन्व्हर्टर घ्या, दोन पंखे आणि चार दिवे चालतील इतका पुरे. आईंना आणि घरातल्या सगळ्यांना मेन स्विच कुठे आहे ते दाखवून ठेवा, आणि त्याच्याखाली कोरडी लाकडी फळी टाका.