ड्रायव्हिंगचा वर्ग आणि बाबांच्या पायाखाली नसलेला ब्रेक

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात शिकागोच्या पश्चिमेकडील एका उपनगरातून एका आईचा फोन आला. त्यांची पंधरा वर्षांची मुलगी दहावीत होती आणि शाळेतल्या ड्रायव्हिंगच्या वर्गाला ऑगस्टमध्येच सुरुवात झाली होती. परमिट, म्हणजे शिकाऊ लायसन्स, हातात येईपर्यंत सर्व काही सुरळीत चालले होते. मात्र गेल्या दोन आठवड्यांत तिने तीनदा, रात्री झोपण्यापूर्वी, "मला त्या वर्गातून काढा" असे रडत सांगितले होते. "तिच्या मैत्रिणी लायसन्ससाठी दिवस मोजताहेत आणि आमची रडते आहे. हे काही मानसिक आहे का?" असे त्यांनी मला विचारले. कुटुंब ओळखू येऊ नये म्हणून मी काही तपशील बदलले आहेत. अमेरिकेत वाढणाऱ्या मुलांच्या मराठी पालकांकडून हा प्रश्न मला, समुपदेशक म्हणून, दर वर्षी शाळा सुरू झाली की येतो, म्हणून हा अनुभव थोडा सविस्तर मांडते.

पहिल्या भेटीला आईवडील दोघेही आले. मी आधी नेहमीचे प्रश्न विचारले. मुलीची झोप, भूक, अभ्यास आणि मैत्रिणींशी बोलणे यांत काही बदल झाला आहे का? दुसऱ्या कोणाच्या गाडीत बसतानाही तिला धडधडते का, घाम फुटतो का? घरात किंवा ओळखीत एखादा अपघात झाला आहे का? तिन्ही प्रश्नांची उत्तरे नकारार्थी आली. भीती जेव्हा एका प्रसंगापुरती असते तेव्हा ती बहुधा त्या प्रसंगातच कुठेतरी दडलेली असते, आणि तिथेच ती शोधावी लागते. ती सगळ्या दिवसभर पसरली असेल, मूल मागच्या सीटवर बसायलाही नकार देत असेल, किंवा पूर्वीच्या अपघाताची आठवण उसळून येत असेल, तर मात्र वेगळ्या उपचारांचा विचार करावा लागतो आणि तो लांबणीवर टाकू नये.

या वर्गात नेमके काय असते याची दोघांनाही पुरेशी कल्पना नव्हती, हे बोलता बोलता लक्षात आले. वडील १८ व्या वर्षी पुण्यात लुनावर शिकलेले, नंतर एका मोटार ट्रेनिंग स्कूलच्या मारुती ८०० मध्ये क्लच-गिअरचा सराव करून आरटीओच्या परीक्षेत उतरलेले. त्यांच्या दृष्टीने ड्रायव्हिंग ही अंगावर पडली की येणारी गोष्ट होती. शाळेत त्याचा वर्ग असतो, त्याला गुण असतात आणि तो सेमिस्टरभर चालतो, याचे त्यांना मनातून हसूच येत होते.

शिकागो ज्या राज्यात आहे त्या इलिनॉयमध्ये अठरा वर्षांखालील मुलांसाठी या अभ्यासक्रमाचे दोन भाग असतात. ३० तास वर्गात आणि ६ तास प्रत्यक्ष गाडीत, शिक्षकांच्या शेजारी. पंधराव्या वर्षी वर्गात नाव नोंदवलेले असेल तर परमिट मिळू शकते. त्यासाठी दृष्टी तपासतात आणि ३५ प्रश्नांची लेखी परीक्षा घेतात, त्यातील २८ उत्तरे बरोबर यावी लागतात. (लायसन्स देणाऱ्या कार्यालयाला आपण सगळे सवयीने "डीएमव्ही" म्हणतो, पण इलिनॉयमध्ये हे काम राज्याच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या कार्यालयाकडे आहे, आणि तिथे कागदपत्रे अपुरी नेली की अर्धा दिवस वाया जातो.) परमिट मिळाल्यानंतर किमान नऊ महिने थांबावे लागते आणि त्या काळात घरच्या मोठ्या माणसाबरोबर ५० तासांचा सराव पूर्ण करावा लागतो. त्यातले १० तास रात्रीचे असावे लागतात. म्हणजे शाळा गाडीत सहा तास शिकवते आणि घरच्यांनी पन्नास तास द्यायचे असतात. पालकांना वाटते की वर्गात घातले म्हणजे काम झाले. माझ्या मते सगळा घोळ या एकाच गैरसमजातून सुरू होतो.

वर्गाचे ३० तास अनेक मुलांना कंटाळवाणे वाटतात, पण तिथे शिकवले जाणारे बरेच काही आईवडिलांना स्वतःलाही ठाऊक नसते. चारही बाजूंना स्टॉपची पाटी असलेल्या चौकात दोन गाड्या एकाच वेळी आल्या तर उजवीकडच्या गाडीने आधी जायचे. शाळेच्या बसचा स्टॉपचा हात बाहेर आला की दुपदरी रस्त्यावर समोरून येणाऱ्यानेही थांबायचे. रस्त्याच्या कडेला दिवे लावून थांबलेली पोलिसांची किंवा मदतीची गाडी दिसली तर शक्य असल्यास लेन बदलायची, नाहीतर वेग कमी करायचा. पोलिसांनी गाडी थांबवली तर हात कुठे ठेवायचे आणि कागद कधी काढायचे हेही शिकवले जाते. इलिनॉयमध्ये २०१७ पासून हा विषय अभ्यासक्रमात असणे बंधनकारक आहे. मुलीच्या वडिलांनी हे ऐकले आणि पहिल्यांदाच वहीत काहीतरी लिहून घेतले.

दुसऱ्या भेटीत मी मुलीशी एकटीशी बोलले. मी मुद्दाम "भीती कशाची वाटते?" असे विचारले नाही, कारण त्या प्रश्नाला मुले साधारणपणे "माहीत नाही" असे उत्तर देतात. शाळेच्या गाडीत पहिल्या दिवशी दार उघडल्यापासून काय काय झाले ते क्रमाने सांग, एवढेच म्हटले. तिने फार छान सांगितले. गाडीत ती, आणखी एक मुलगा आणि शिक्षक. एकाने चालवायचे, दुसऱ्याने मागे बसून पाहायचे. आधी सीट पुढे घ्यायची, आरसे लावायचे, पट्टा बांधायचा. स्टिअरिंगवर हात घड्याळातल्या नऊ आणि तीनच्या जागी. मग शाळेमागच्या मोकळ्या पार्किंगमध्ये वीस मिनिटे फक्त ब्रेक हळू दाबायचा सराव. दुसऱ्या वेळी वस्तीतले शांत रस्ते, तिसऱ्या वेळी चौपदरी रस्ता आणि रेल्वे फाटक. एकदा तिने वळताना चाक फुटपाथवर चढवले. शिक्षक म्हणाले, "ठीक आहे, पुढच्या वेळी थोडे उशिरा वळ," आणि ब्रेक दाबलासुद्धा नाही.

"म्हणजे शाळेच्या गाडीत भीती वाटत नाही?"

"नाही ना. काकू, ती बाबांच्या गाडीत वाटते."

मग तिने मला एक गोष्ट दाखवली. ती खुर्चीवर सरळ बसली, उजवा पाय पुढे ताणला आणि माझ्या खोलीतल्या सतरंजीवर जोरात टाच रोवली. "बाबा असं करतात. प्रत्येक सिग्नलला. मला बघावं लागत नाही, मला आवाज येतो." शाळेच्या गाडीत शिक्षकांच्या पायाखाली खराखुरा ब्रेक असतो. घरच्या गाडीत वडिलांच्या पायाखाली नुसती मॅट असते. त्या मॅटवर ते रोज संध्याकाळी वीसेक वेळा ब्रेक दाबत होते, आणि प्रत्येक दाबाबरोबर मुलीच्या मनात "मी चुकले" अशी नोंद होत होती.

दुसरी गोष्ट तिने हसत हसतच सांगितली, पण ती हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. वडील गाडीत घाईच्या क्षणी मराठीत बोलत. "डावीकडे घे, डावीकडे!" घरात तिला मराठी उत्तम कळते, पण दिशा ती इंग्रजीत विचार करून ठरवते, आणि डावे-उजवे कळायला तिला क्षणभर वेळ लागतो. गाडी चालवताना तो क्षण फार मोठा असतो. त्यावर कडी म्हणजे ती एकदा विचारते, "बाबा, इथे लेफ्ट ना?" आणि वडील उत्तर देतात, "राइट!" त्यांना म्हणायचे होते "बरोबर". ती उजवीकडे वळली. समोरच्या गाडीने हॉर्न वाजवला, वडील ओरडले, आणि त्या रात्री ती पहिल्यांदा रडली.

तिसऱ्या भेटीला तिघेही होते. मुलीच्या परवानगीने मी या दोन्ही गोष्टी मांडल्या. वडील बराच वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, "मला कळतच नाही की तिला पुढचं दिसलंय की नाही." हे वाक्य मला फार महत्त्वाचे वाटले. ते रागावलेले नव्हते, ते अंधारात बसलेले होते. शेजारी बसलेल्या माणसाला चालवणाऱ्याच्या डोळ्यांत काय चालले आहे ते दिसत नाही, आणि न दिसलेल्या जागी त्याचे मन सर्वांत वाईट शक्यता भरून टाकते.

त्यावर एक जुना आणि साधा उपाय आहे, तो अनेक प्रशिक्षक वापरतात. चालवणाऱ्याने जे दिसते ते मोठ्याने बोलत जायचे. "पुढे सिग्नल हिरवा, पण बराच वेळ हिरवाच आहे. उजवीकडून सायकल. पांढरी गाडी मागे सरकते आहे, मी हळू करते." यामुळे शिकणाऱ्याची नजर लांब जायला शिकते आणि शेजारच्याला ती कुठे आहे हे कळते. त्याबरोबर आम्ही काही गोष्टी लिहून ठरवल्या. गाडीत दिशा फक्त लेफ्ट आणि राइट या शब्दांत सांगायच्या, आणि "राइट" याचा अर्थ फक्त उजवीकडे. होकारासाठी "हो". सूचना वळणाच्या किमान एक चौक आधी द्यायची, ती देता आली नाही तर ते वळण सोडून द्यायचे, पुढून फिरून येता येते. चुकीबद्दल बोलायचे ते गाडी थांबवून, चालत्या गाडीत नाही. एका वेळचा सराव सुरुवातीला वीस-पंचवीस मिनिटांच्या पुढे न्यायचा नाही.

याच भेटीत मुलीने वडिलांना एक प्रश्न विचारला, त्याची मला अपेक्षा नव्हती. "बाबा, तुम्ही स्टॉपच्या पाटीला कधीच पूर्ण थांबत नाही. मग मी थांबले की 'चल, चल' का म्हणता?" ते खरे होते. वीस वर्षे बिनअपघाताची गाडी चालवणाऱ्या माणसाला हे पंधरा वर्षांच्या मुलीकडून ऐकणे जड गेले, ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसले. मी मध्ये पडले नाही. वर्गात जाणारे मूल नियम ताजे शिकून येते आणि घरची गाडी त्या नियमांवर तपासून पाहते. यात उद्धटपणा नसतो. पालकांनी याची तयारी ठेवलेली बरी.

आई आतापर्यंत फारसे बोलल्या नव्हत्या. त्यांना स्वतःचे लायसन्स चार वर्षांपूर्वी, चाळिशीच्या उंबरठ्यावर मिळाले होते, त्याआधीची अनेक वर्षे त्या घरात नवऱ्याची वाट पाहत बसत. "मी काय शिकवणार, मीच कच्ची आहे," असे त्यांचे म्हणणे. इलिनॉयच्या नियमानुसार शेजारी पालक बसू शकतात, किंवा किमान एक वर्षाचा अनुभव व वैध लायसन्स असलेली २१ वर्षांवरील व्यक्ती. म्हणजे आई या नियमात सहज बसत होत्या. मला तर वाटले की याच घरात सर्वांत योग्य त्याच आहेत, कारण लेन बदलताना मान वळवून पाहायची भीती काय असते हे त्यांना अजून आठवत होते. वडिलांचा हात इतका बसला होता की आपण काय काय करतो हेच त्यांना सांगता येत नव्हते. आम्ही ठरवले की आठवड्यातील सराव आईबरोबर, आणि वडिलांबरोबर फक्त रविवारी सकाळी, गर्दी होण्यापूर्वी, भारतीय दुकानाच्या मोकळ्या पार्किंगपर्यंत.

वडिलांची एक चिंता मात्र उरली होती आणि ती योग्य होती. लायसन्स मिळाले की मैत्रिणींना घेऊन ही रात्री-बेरात्री फिरेल का? इलिनॉयमध्ये सुरुवातीच्या लायसन्सवर त्याला मर्यादा आहेत. रविवार ते गुरुवार रात्री १० नंतर आणि शुक्रवार-शनिवारी रात्री ११ नंतर सकाळी ६ पर्यंत गाडी चालवता येत नाही. पहिल्या बारा महिन्यांत भावंडे सोडून वीस वर्षांखालील एकच सोबती चालतो. एकोणीस वर्षांखालील चालकाला फोन हँड्सफ्रीसुद्धा वापरता येत नाही. गाडीत समवयस्क मुले जितकी जास्त तितका नवशिक्याचा धोका वाढतो, हे या मर्यादांमागचे कारण आहे. त्यांनी हे मुलीला स्वतःहून वाचून दाखवायचे ठरवले होते, पण तिला ते वर्गात आधीच शिकवले गेले होते. विम्याचा हप्ता वाढेल, ही गोष्ट मात्र तिला नवीन होती.

जानेवारीच्या अखेरीस ती पुन्हा आली, या वेळी सरावाच्या नोंदीचा कागद घेऊन. एकतीस तास झाले होते. बहुतेक ओळींपुढे आईची सही होती, रात्रीचे साडेतीन तास बाकी होते, आणि एका ओळीत वडिलांच्या अक्षरात लिहिले होते, "बर्फ, रिकामे पार्किंग, ४० मिनिटे". त्या दिवशी त्यांनी तिला मुद्दाम मोकळ्या जागेत गाडी थोडी घसरू दिली होती. बाबांचा पाय कुठे होता, असे मी विचारले. ती म्हणाली, "बाबा दोन्ही पाय सीटवर घेऊन मांडी घालून बसले होते. मीच सांगितलं होतं."