अजाण मतदाराने मत द्यावे का?

प्रश्न : आमच्या वाडीत कोणाला मत द्यायचे हे गावकीच्या बैठकीत ठरते. उमेदवाराने आधी काय काम केले हे निम्म्या लोकांना ठाऊक नसते आणि तरुण मुले मतदान केंद्राकडे फिरकतही नाहीत. ज्यांना काही कळत नाही त्यांनी मत न दिलेलेच बरे, असे वाटू लागले आहे. आपले मत काय?
– एक वाचक, दापोली तालुका

उत्तर : आपली खंत खरी आहे, पण निष्कर्ष मला मान्य नाही. १९५१ साली देशातील साक्षरता जेमतेम १८ टक्के होती, तरीही राज्यघटनेने शिक्षणाची अट न घालता प्रत्येक प्रौढाला मताधिकार दिला. त्याच काळातल्या, मनिऑर्डरवर चालणाऱ्या कोकणाने राजापूरमधून बॅ. नाथ पै यांना १९५७ पासून सलग तीनदा आणि पुढे प्रा. मधु दंडवते यांना सलग पाचदा, अशा दोन अभ्यासू संसदपटूंना लोकसभेत पाठवले.

समज नाही म्हणण्यापूर्वी शिमग्यानंतरची गावकीची बैठक आठवा. पालखीचा हिशेब वाचताना ढोलाच्या दुरुस्तीवरही प्रश्न येतो आणि गावच्या मुंबईकरांच्या मंडळाने पाठवलेली वर्गणी कुठे खर्च झाली हे कळल्याखेरीज कोणी उठत नाही. हीच माणसे ग्रामसभेला जात नाहीत, कारण तिथे विचारलेल्याचे उत्तर मिळेल हा विश्वासच उरलेला नाही. आणि जिथे विचारून उपयोग नाही, तिथली माहिती मिळवण्याचे कष्ट कोण घेईल? वास्तविक ग्रामसभेच्या गणपूर्तीला मतदारांपैकी १५ टक्के किंवा १००, यांतील कमी असेल तेवढी संख्या पुरते. तेवढेही न जमल्यास सभा तहकूब होते, तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते, आणि मग साकव, म्हणजे ओढ्यावरचा छोटा पूल, कोणत्या वाडीला मिळायचा हे मूठभर लोक ठरवून मोकळे होतात.

गावकीने मत ठरवण्याबाबत मात्र स्पष्टच सांगतो. देवळाचा कारभार तिने जरूर पाहावा. मत गुप्त आहे, त्यावर तिचा कसलाही अधिकार नाही, आणि त्यासाठी कोणाला वाळीत टाकले तर २०१६ च्या सामाजिक बहिष्कारविरोधी कायद्याने तो गुन्हा ठरतो. निवडणुकीआधी बैठक भरेलच. उमेदवारांच्या शपथपत्रांत मालमत्ता, शिक्षण आणि प्रलंबित फौजदारी खटले लिहिलेले असतात. ती सर्व शपथपत्रे मिळवून बैठकीत मोठ्याने वाचण्याचे काम मतदानाकडे न फिरकणाऱ्या त्या मुलांपैकीच एखाद्याकडे द्या, आणि त्यानंतर बैठकीने कोणाचेही नाव सुचवू नये असा आग्रह धरा.