वरकसातला माणगा (कोकणातला बांबू): तोडायला परवानगी लागते का?

प्रश्न (कुडाळ तालुक्यातून आलेले): वरकस (डोंगरउतारावरच्या हलक्या) जमिनीत माणग्याची बारा-पंधरा बेटे आहेत. व्यापारी म्हणतो परवानगी नको, शेजारी म्हणतात वनखात्याचा पास काढा. खरे काय? उतारावरची ऐन-किंजळाची झाडे काढून तिथेही माणगाच लावला तर?

उत्तर: शेजारी सांगतात तो जुना नियम. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमात 'झाड' या व्याख्येत बांबूही होता. खरे तर बांबू हे गवत. पण झाड ठरल्याने तोडणी आणि वाहतुकीच्या परवानगीची कटकट होती, त्यामुळे तो वईपुरता (कुंपणापुरता), नाहीतर ओहोळाकाठी राहिला. २०१७ च्या अखेरीस दुरुस्ती होऊन व्याख्येतून 'बांबू' हा शब्द निघाला. आता खाजगी, वनेतर जमिनीतला माणगा हे तुमचे पीकच. वनजमिनीवरच्या बांबूला मात्र ही सूट नाही.

म्हणून आधी सातबारा काढा. 'इतर हक्क' या रकान्यात खाजगी वन किंवा वनसंज्ञेची (जमीन जंगल म्हणून गणल्याची) नोंद असेल, तर कोयता लावू नका. १२ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, मालकी कोणाचीही असो, शब्दकोशातल्या अर्थाने जे जंगल, त्याला १९८० चा वन संरक्षण कायदा लागू. वनसंज्ञेचा प्रश्न तिथूनच आला. अशी नोंद असल्यास वनक्षेत्रपालांकडून लेखी खुलासा घ्या. नोंद नसेल तर माल गाडीत भरताना सातबाऱ्याची प्रत आणि विक्रीची पावती सोबत द्या.

दुसऱ्या प्रश्नाला माझे स्पष्ट उत्तर: तसे करू नका. ऐन, किंजळ, आंबा, फणस, जांभूळ ही १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड अधिनियमाच्या अनुसूचीतली झाडे. ती स्वतःच्या जमिनीतही परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. कायदा बाजूला ठेवला तरी, आपल्या पावसात उघडा केलेला उतार माती धरत नाही. शिवाय तरव्याच्या (भातरोपांच्या) जागेवर राब भाजायला टहाळ (फांद्या-पाला) कुठून आणणार? बांबू जुन्या नियमातून सुटल्यापासून असे उतार मोकळे करण्याचा मोह वाढलेला दिसतो, याची मला खरोखर काळजी वाटते. माणगा पडीक जागेत, बांधावर, ओहोळाकाठी लावा.

तोडणी भातकापणी आटोपल्यावर करा. पावसाळ्यात कोंब फुटतात, तेव्हा बेटात शिरू नका. तीन वर्षांवरच्या काठ्याच घ्या, जमिनीलगतच्या पहिल्या-दुसऱ्या पेराच्या गाठीच्या लगेच वर कापा, म्हणजे खुंटात पाणी साचणार नाही. यंदाच्या आणि गेल्या वर्षीच्या काठ्यांना हात लावू नका. पुढचे कोंब त्यांच्याच जोरावर येतात.