आईनं लस घेतली, बाबा मात्र ऐकत नाहीत

*ताई, माझे आईबाबा साताऱ्याला असतात, मी ठाण्याला. आई ६८ वर्षांची, बाबा ७४. बाबांना बरीच वर्षं डायबेटिस आहे. मेमध्ये मी दोघांनाही फ्लूची लस घ्यायला सांगितलं. आईनं लगेच घेतली. बाबा म्हणतात, 'मला काय धाड भरलीय? करोनाची लस घेतली तेव्हा दोन दिवस तापानं फणफणलो. आमच्या कट्ट्यावरचा एक जण तर लस घेतल्यावर चार महिन्यांनी हार्ट अटॅकनं गेला.' मी व्हिडिओ पाठवले, चिडले, आणि शेवटी 'आजारी पडलात तर मला फोन करू नका' असं बोलून गेले. तेव्हापासून माझा फोन आला की ते तो आईच्या हातात देतात. एसटीच्या डेपोत स्टोअरकीपर होते, अडाणी नाहीत. मग असं का वागतात? – एक लेक*

प्रिय लेकी,

ते फोनवरचं वाक्य आधी मागे घे. आजच. त्या फोनमध्ये लसीचं नावही काढू नकोस.

आता बाबांचं. ते हट्टी आहेत म्हणून नकार देतायत असं तुला वाटतंय, मला तसं वाटत नाही. त्यांच्या नकारात तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि तू तिन्हींना एकच उत्तर देतेयस. पहिली, 'मला काय धाड भरलीय'. ज्येष्ठांसाठीची लस म्हटलं की ती म्हाताऱ्यांची, आणि आपण म्हातारे नाही, असं सत्तरी ओलांडलेल्या कितीतरी माणसांना मनापासून वाटतं. स्वतःच्या पायांनी बाजारात जाणारा, स्वतःची शुगरची फाइल स्वतः सांभाळणारा माणूस आपल्याला आजाऱ्यांत कसा मोजेल? दुसरी गोष्ट, तो दोन दिवसांचा ताप. तो खरा होता, त्यांनी अंगावर काढलाय. तिसरी, कट्ट्यावरचा मित्र. २०२४ मध्ये कोविशील्डच्या अगदी दुर्मीळ दुष्परिणामाची बातमी आली, तेव्हा मोबाइलवर काय काय फिरलं ते आठव. त्यात कट्ट्यावरचा गेलेला माणूस ओळखीचा होता. त्या दुःखापुढे तुझा व्हिडिओ टिकणार नाही.

आणि आईनं का घेतली, हे तिला कधी विचारलंस का? विचार. बहुतेक वेळा उत्तर अगदी साधं असतं: 'आपल्या डॉक्टरांनी सांगितलं', किंवा 'नातवंडं येतात, त्यांना माझ्यामुळे काही नको'. म्हातारी माणसं लस घेतात ती बरेचदा दुसऱ्यासाठी, किंवा ज्याच्यावर वर्षानुवर्षं विश्वास टाकलाय त्याच्या शब्दाखातर. मुलांनी सांगितलं की मात्र तो हुकूम वाटतो. आयुष्यभर ज्यांना आपण सांगत आलो, ती आता आपल्याला सांगतायत, हे बापाला झोंबतं गं.

म्हणून सांगायचं काम फॅमिली डॉक्टरांवर सोपव. बाबा शुगर दाखवायला जातील त्याआधी डॉक्टरांना एक फोन कर. तपासता तपासता त्यांनी दोन वाक्यं बोलावीत, एवढंच. डायबेटिस असलेल्याला फ्लू झाला की शुगर चढते, न्यूमोनियाचा धोका वाढतो. शिवाय फ्लूच्या निदानानंतर पहिल्या सात दिवसांत हार्ट अटॅकचा धोका सुमारे सहापट असतो, असं कॅनडातल्या २०१८ च्या अभ्यासात दिसलं होतं. मित्र हार्ट अटॅकनं गेला म्हणून जो माणूस घाबरलाय, त्याच्यासाठी ही माहिती सर्वांत महत्त्वाची आहे. पण ती तुझ्या तोंडून नको.

त्यांनी तुला विचारलंच, तर खरं तेच सांग. लसीची जाहिरात करू नकोस. फ्लूची लस करोनाच्या लसीसारखी नवी नाही, ती १९४० च्या दशकापासून वापरात आहे. ज्येष्ठांना दंडात देतात त्या लसीत जिवंत विषाणू नसतो, त्यामुळे तिच्यानं फ्लू होत नाही. दंड दुखतो, एखाददोन दिवस कणकण येऊ शकते. ती घेतली की फ्लू होणारच नाही, असंही नाही. लस आणि विषाणूचं चांगलं जुळलं त्या वर्षी डॉक्टरकडे जावं लागण्याची शक्यता साधारण ४० ते ६० टक्क्यांनी कमी होते, वयस्कर माणसांत अनेकदा त्याहूनही कमी फायदा दिसतो. पण हॉस्पिटलात पोचण्याइतका आजार वाढण्याची शक्यता घटते, आणि चौऱ्याहत्तराव्या वर्षी तेच हवंय. 'काही होणार नाही हो बाबा' असं म्हणालीस आणि संध्याकाळी अंग तापलं, तर पुढच्या वर्षी ते ऐकायचे नाहीत.

हो, ही लस दरवर्षी घ्यावी लागते. विषाणू बदलतो, म्हणून तिच्यातले घटकही बदलतात. इथं मला तुझ्या बाबांचा डेपोतला अनुभव आठवतो. खोक्यावर लस कोणत्या हंगामासाठीची आहे ते छापलेलं असतं, एक्सपायरी असते, आणि ती २ ते ८ अंश तापमानात ठेवावी लागते. माल ताब्यात घेण्याआधी तपासायची ज्याला आयुष्यभर सवय, त्याला हे तपासू दे. डॉक्टरांना प्रश्न विचारू दे. आधी कुठल्या लसीची मोठी ॲलर्जी आली होती का, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का, हे बाबांनीच सांगावं. निर्णय त्यांचा आहे हे त्यांना दिसलं पाहिजे. खर्चाचंही बघ. खासगीत दीड-दोन हजारांच्या आसपास जातात, आणि पेन्शनीत भागवणारा माणूस 'पैसे नकोत घालवायला' हे तोंडानं म्हणत नाही, 'मला गरज नाही' म्हणतो. पैसे आईकडे देऊन ठेव, गाजावाजा न करता.

आपल्याकडे फ्लू पावसाळ्यात वाढतो, आणि पुन्हा जानेवारी ते मार्चमध्ये. लसीचा परिणाम यायला दोनेक आठवडे लागतात. पावसाळ्याआधी घेतलेली उत्तम, पण या वर्षी उशीर झाला म्हणून सोडून देऊ नका.

आणि एवढं करूनही ते नाही म्हणाले, तर नाही. दरवाजा उघडा ठेव. मग आईशी एवढंच ठरव: बाबांना ताप-खोकला आला तर घरगुती काढ्यावर दिवस काढायचे नाहीत. फ्लूवरचं औषध पहिल्या ४८ तासांत सुरू केलं तर सर्वांत चांगलं लागू पडतं. दम लागला, छातीत दुखलं, किंवा बोलण्यात गोंधळ दिसला, तर त्याच क्षणी हॉस्पिटल. आणि तू स्वतः लस घे. दिवाळीला साताऱ्याला जाशील तेव्हा बाबांच्या शेजारी बसणार आहेस ना.

तुझी,
ताई