गोवर खरेच ‘आत जिरतो’ का?

प्रश्न : माझ्या अडीच वर्षांच्या मुलाला गोवर आला असून आज पुरळाचा तिसरा दिवस आहे. औषध दिले तर गोवर आत जिरेल, असे सासूबाई म्हणतात. दूध आणि वरण-भातही बंद आहे. नवव्या महिन्यात लस दिली होती, धाकटीच्या वेळच्या गडबडीत दुसरा डोस राहिला. धाकटी सात महिन्यांची आहे. काय करावे?
— एक वाचक, सातारा

उत्तर : सासूबाईंनी पाहिलेले खोटे नसावे, त्याचा लावलेला अर्थ चुकला आहे. गोवराचे पुरळ कानामागून सुरू होऊन अंगभर उतरते आणि पाच-सहा दिवसांत तपकिरी डाग ठेवून मावळते. हा विषाणू श्वासमार्गाच्या अस्तराला इजा करतो व प्रतिकारशक्ती बरेच आठवडे दुबळी ठेवतो, त्यामुळे नेमक्या याच सुमारास काही मुलांना न्यूमोनिया होतो; पुरळ दिसेनासे झाले आणि मूल धापा टाकू लागले, की ‘गोवर आत गेला’ असा निष्कर्ष निघे. तेव्हा पुरळापेक्षा श्वासाकडे लक्ष द्या. मूल शांत असताना मिनिटाला 40 किंवा अधिक श्वास, उतरून पुन्हा चढलेला ताप, झटके, गुंगी किंवा पाणीही न पिणे, यांपैकी काहीही दिसल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

आहार बंद करणे मात्र सर्वांत घातक. गोवरात जुलाब होतात, ‘अ’ जीवनसत्त्वाचा साठा आटतो आणि त्यातून डोळ्याच्या बुबुळाला व्रण पडून दृष्टीही जाऊ शकते. म्हणून या वयात 2 लाख युनिटचा डोस लागोपाठ दोन दिवस देतात. तो डॉक्टरांकडूनच घ्यावा. प्रतिजैविके विषाणूवर चालत नाहीत, ती न्यूमोनिया किंवा कान फुटल्यासच लागतात. कोमट पाण्याने अंग पुसायला हरकत नाही.

नवव्या महिन्यातील डोस साधारण 85 टक्के बाळांनाच संरक्षण देतो, म्हणून 16 ते 24 महिन्यांत दुसरा असतो. धाकटीचे म्हणाल, तर पुरळ उठण्याच्या चार दिवस आधीपासून हा आजार पसरतो; संपर्कानंतर 72 तासांत दिलेली लस उपयोगी पडू शकते, पण ती वेळ आता टळली आहे. तिला आजच बालरोगतज्ज्ञांना दाखवा, अंगावर पाजत राहा आणि पुढचे दोन-तीन आठवडे ताप, खोकला किंवा लाल डोळे दिसताच पुन्हा न्या. दवाखान्यात शिरण्यापूर्वी गोवराचा संपर्क झाल्याचे कळवा, म्हणजे तिला इतर बाळांत बसवणार नाहीत.