कविता छापून येतात, पण संगीतकार म्हणतो 'गाता येत नाही'. चालीवर गाणं लिहायचं कसं?

तुम्ही विचारलंय की दिवाळी अंकांत कविता येतात, पण संगीतकार मित्राने पाठवलेल्या चालीवर लिहिलं की तो 'गाता येत नाही' म्हणून परत पाठवतो. मग नावाजलेले गीतकार हे कसं जमवायचे? शिवाय यात पैसे मिळतात का, हेही विचारलंय. आणि नमुन्याला एक ओळ दिली आहे: 'विस्मृतीच्या उंबरठ्यावर थबकले मन'.

आधीच सांगतो, मी कवी नाही, पेटीवाला आहे. मिरजेत राहतो. वीसेक वर्षं छोट्या स्टुडिओंत चाली बांधणं, अरेंजिंग, भजनी मंडळांपासून निवडणुकीच्या प्रचारगीतापर्यंत पडेल ते केलंय. म्हणजे या भांडणात मी तुमच्या मित्राच्या बाजूचा. तेवढं धरून वाचा.

एक प्रसंग सांगतो. आषाढीच्या आधी एका महिला भजनी मंडळाचं रेकॉर्डिंग होतं. कवी आला नाही म्हणून मुखडा मीच खरडला: 'पंढरीला जाईन मी'. कागदावर ठीक होता. चालीत मात्र 'ई' वर लांब ठेहराव होता आणि 'न' पुढच्या ठोक्याला पडत होता. बायका गायला लागल्या: 'पंढरीला जाईऽऽऽ... न मी'. दोन टेक झाले, मला काही कळलं नाही. तिसऱ्याला मागच्या रांगेतल्या एक मावशी टाळ खाली ठेवून म्हणाल्या, "अहो मास्तर, जायचं का नाही जायचं ते आधी ठरवा!" सगळा स्टुडिओ हसला. मग 'जाईन मी'च्या जागी 'जाते ग मी' केलं. मात्रा त्याच, दोन-दोन-एक-दोन, चाल जराही हलली नाही, आणि मावशी पंढरीला पोचल्या.

तुमचा मित्र 'गाता येत नाही' म्हणतो तेव्हा तो हेच म्हणतोय, फक्त त्याला मावशींसारखं नेमकं सांगता येत नाही. कविता डोळ्याने वाचतात. अडलं की वाचक मागे जातो. गाणं कानावर पडतं आणि पुढे जातं, आणि ते गाणाऱ्याच्या दमावर चालतं. ओळीत दम कुठे घ्यायचा, सूर कुठे ताणायचा आणि तिथे तोंडात कुठलं अक्षर आहे, याचा हिशेब गीतकाराने आधीच केलेला असतो.

आता आपल्या भाषेची एक गोम. 'मन', 'घर', 'वाट', 'पाऊस' असे शब्द आपण बोलताना व्यंजनावर संपवतो. लिहितो 'मन', पण शेवटचा 'अ' बोलण्यात जवळजवळ नसतोच. गाण्यात ओळीच्या शेवटी सूर ताणायची वेळ आली की गायक काय ताणणार? 'मनऽऽऽ' म्हटलं तर ऐकायला ओंगळ, 'मन्' म्हणून तोडलं तर सूर अधांतरी. म्हणून जुन्या भावगीतांत 'मनी', 'वनी', 'नभी', 'अंगणी', 'लोचनी' यांची एवढी गर्दी दिसते. लोक त्याला अलंकारिक, गुळगुळीत म्हणून नाकं मुरडतात. मला तरी त्यात अलंकारापेक्षा सोय जास्त दिसते: सप्तमीचं ते जुनं रूप दीर्घ ईवर संपतं आणि गायकाला उभं राहायला जागा मिळते. (आज तुम्ही 'लोचनी' लिहिलंत तर मी खोडेन, ते वेगळं. 'मनाला', 'घराकडे', 'वाटेवरी' यांनाही दीर्घ स्वर आहेच की.)

हे मोठ्यांच्या हातात कसं दिसतं ते शांता शेळक्यांच्या 'तोच चंद्रमा नभात, तीच चैत्रयामिनी' या ओळीत बघा. गाण्याची कल्पना एका प्रसिद्ध संस्कृत श्लोकातून आलेली आहे, शीलाभट्टारिकेचा म्हणून तो ओळखला जातो. त्यात शब्द आहेत 'ता एव चैत्रक्षपाः', त्याच चैत्रातल्या रात्री. क्षपा म्हणजे रात्र, यामिनी म्हणजेही रात्र. अर्थ तोच, मग शब्द का बदलला? पेटीवर एक सूर धरून 'चैत्रक्षपा' म्हणून बघा. 'त्र' संपतो न संपतो तोच 'क्ष' आडवा येतो, जीभ दोनदा अडखळते. 'यामिनी' लोण्यासारखं उतरतं आणि शेवटी 'नी' हवा तेवढा वेळ धरता येतो. शिवाय अख्खी ओळ गुरू-लघू, गुरू-लघू (दोन मात्रांचं लांब अक्षर, मग एका मात्रेचं आखूड) अशी एकाआड एक चालते, पंधरा अक्षरं, शुद्ध चामर वृत्त. सुधीर फडक्यांनी चाल दिली आणि स्वतःच गायलं, पण अर्धी चाल त्या अक्षरांत आधीच होती. श्लोकात बोलते ती स्त्री, गाण्यात पुरुष. म्हणजे शांताबाईंनी नुसतं भाषांतर केलेलं नाही. कोण गाणार आणि कोणाला उद्देशून, हेही बदलून घेतलं.

याच शांताबाईंनी 'मी डोलकर' लिहिलं. जन्म इंदापूरचा, शिक्षण पुण्यात, मराठीच्या प्राध्यापक, आणि गाण्यात बोलतो तो दर्यावरचा कोळी. चित्रपटांसाठी काही गाणी त्यांनी 'डॉ. वसंत अवसरे' या टोपणनावाने लिहिली, हेही अनेकांना माहीत नसतं. तुम्ही कवितेत कायम 'मी' म्हणजे स्वतःच असता. गीतकाराचा 'मी' रोज बदलतो.

ग. दि. माडगूळकरांचं गीतरामायण सगळ्यांना माहीत आहे, म्हणून त्यातलं एकच बोलतो. १ एप्रिल १९५५ च्या रामनवमीला पुणे आकाशवाणीवर सुरू झालं आणि १९ एप्रिल १९५६ च्या रामनवमीला संपलं. मधे अधिक मास आला म्हणून बावन्नऐवजी छप्पन्न गाणी. दर आठवड्याला नवं गाणं, म्हणजे सुचण्याची वाट बघायची चैन नाही. इथे शब्द आधी आणि चाल नंतर, तरी 'पराधीन आहे जगती, पुत्र मानवाचा' ही ओळ वाचा. राम भरताला सांगतोय, विषय केवढा जड! तरी जोडाक्षर एकच, 'पुत्र'. पहिला तुकडा 'ती'वर थांबतो, दुसरा 'चा'वर. वाक्य जिथे मोडतं तिथेच दम घ्यायचा. चाल कुठलीही लावा, शब्द मधे तुटायची भीती नाही. शब्द आधी लिहूनही त्यांनी संगीतकाराची जागा सोडून ठेवली होती.

चित्रपटात बहुतेकदा उलटं. चाल तयार, प्रसंग सांगितलेला, आणि शब्द त्या साच्यात ओतायचे. तिथे मला जगदीश खेबुडकर फार आवडतात. पेशाने शिक्षक, कोल्हापूरचे. १९७२ च्या 'पिंजरा'त राम कदमांच्या संगीतातलं 'दिसला ग बाई दिसला' घ्या. नवकवी म्हणेल 'ग बाई' हे भरतीचं आहे, मात्रा भरायला घातलंय. काढून बघा. 'दिसला... दिसला' उरतं, बातमी झाली. 'ग बाई' आलं की लगेच एक मैत्रीण उभी राहते, कानात सांगणं येतं, ठसका येतो. मात्रा भरायच्याच होत्या, त्या माणसाने भरल्या. माझ्या मावशींच्या 'जाते ग मी'तला 'ग' इथूनच उचललेला, कबूल करून टाकतो.

त्यांचंच १९६५ च्या 'साधी माणसं'मधलं 'ऐरणीच्या देवा तुला ठिणगी ठिणगी वाहू दे'. संगीत आनंदघन, म्हणजे लता मंगेशकर. देवाला फूल वाहतात, अक्षता वाहतात. लोहाराच्या घरात वाहायला काय असणार? ठिणगी. एवढ्या एका शब्दात घर, धंदा, गरिबी, श्रद्धा सगळं आलं. शिवाय 'ठिणगी ठिणगी' असं दोनदा म्हणा, 'ठ' हातोड्यासारखा पडतो. कठोर अक्षर गाण्यात वर्ज्य असतं असं मी म्हणत नाहीये. ते ठोक्यावर पडलं पाहिजे, ताणाच्या जागी नाही.

आता तुम्ही काय करायचं. मित्राची चाल फोनवर लावा आणि शब्द न लावता नुसतं 'दा दा दीं दा' करत आठ-दहा वेळा गा. लाज वाटली तर गाडी चालवताना गा. ताणाच्या जागा आपोआप कळतील. कागदावर मात्रांचे टिंब मारा आणि ताणाच्या जागी गोल करा. मग कसलेही फालतू शब्द त्यात बसवा, 'आज भाजी काय आणू' चालेल. आम्ही याला डमी म्हणतो. डमी एकदा तोंडात बसली की खरे शब्द तिच्या वजनाने येतात. मात्रांची सवय नसेल तर सुरेश भटांची 'गझलेची बाराखडी' मिळवा. ती गझलेसाठी आहे, पण लघू-गुरू कानाला लावायला यापेक्षा सोपं मी तरी काही पाहिलं नाही. आणि उंच सुरावर शक्यतो 'आ' किंवा 'ओ' ठेवा. तार षड्जावर, म्हणजे वरच्या 'सा'वर, 'ऊ' ठेवलात तर गायिका तुमच्याकडे कशी बघते ते एकदा अनुभवाच.

तुमची ओळ. 'विस्मृतीच्या उंबरठ्यावर थबकले मन'. 'स्मृ', 'च्या', 'ठ्या' असे तीन अडथळे, आणि शेवटी 'मन', ज्याचं काय होतं ते वर सांगितलं. कवितेत 'विस्मृतीचा उंबरठा' ही प्रतिमा चालून जाते. ऐकणाऱ्याला मात्र आधी विस्मृती, मग उंबरठा, मग थबकणं आणि मग कोण ते कळतं. मी असतो तर विस्मृती अंतऱ्यात ढकलली असती आणि मुखडा एवढाच ठेवला असता: 'उंबऱ्याशी थांबलो मी'. दोन्ही तुकडे गालगागा ('गा' म्हणजे गुरू, 'ल' म्हणजे लघू), सात-सात मात्रा, सात मात्रांच्या रूपक तालात आपोआप बसतात. 'ऱ्या' जोडाक्षर दिसतं, पण मराठीत ते मागच्या अक्षरावर आघात देत नाही, म्हणून चालतं. का थांबलो, काय विसरलो, हे ऐकणाऱ्याला अंतऱ्यापर्यंत कळू नये. ओळ फार भारी नाही, मला माहीत आहे. पण गाता येईल.

पैशाचं थोडक्यात. कॉपीराइट कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली, २१ जूनपासून लागू. त्याआधी कंपन्या एकरकमी पैसे देऊन सगळे हक्क लिहून घ्यायच्या. आता गाणं चित्रपटात किंवा ध्वनिमुद्रणात गेलं तरी रॉयल्टीतला गीतकाराचा समान वाटा लिहून घेता येत नाही; तो वारसाला किंवा वसुली करणाऱ्या कॉपीराइट सोसायटीलाच देता येतो. चित्रपटगृहात चित्रपटासोबत वाजतं तेवढं यातून वगळलंय. राज्यसभेत जावेद अख्तरांनी यासाठी जोर लावला होता. वसुलीचं काम आयपीआरएस ही सोसायटी करते. तिथे सभासद व्हा आणि प्रत्येक गाणं नोंदवा, नाहीतर वाटा कागदावरच राहतो.

मी २००४ साली एका कॅसेट कंपनीला गणपतीच्या दोन आरत्यांच्या चाली आणि शब्द पाचशे रुपयांना दिले. व्हाउचरवर सही केली, वाचलंसुद्धा नाही. आमच्या गल्लीच्या मंडळात दर वर्षी त्यातली एक वाजते, आणि पोरं मला येऊन सांगतात, काका, हे गाणं ऐका, भारी आहे. तेव्हा मित्र कितीही जवळचा असला तरी रेकॉर्डिंगच्या आधी एका कागदावर शब्द कोणाचे, चाल कोणाची आणि तारीख एवढं लिहून दोघांच्या सह्या करून ठेवा.